नानांचं पुसलेलं तोंड

माझ्या बहिणीचं, मेघाचं, लग्न जमलं तेव्हा मुलाकडच्यांनी पत्रिका पाहिली, शेत पाहिलं, विहिरीतसुद्धा वाकून पाहिलं. कुठेच खोट निघाली नाही. पाहुणे गेल्यावर आईने कपबशा गोळा केल्या आणि आबांना विचारलं, "बठ्ठं झालं, सगळं पाहून झालं. पण पोरीला मांडवात आणणार कोण?"

आबा, म्हणजे माझे वडील रुपचंद, बैलांना पाणी पाजायचं राहिलं म्हणत लगेच उठले. आमच्याकडे बैल नाहीत. ट्रॅक्टर आहे.

नवरीला बोहल्यावर मामा आणतो. मेघाला मामा एकच, आईचे थोरले भाऊ सुकदेव नाना, राहणार धरणगाव. आमचं गाव अमळनेरच्या अलीकडे. म्हणजे नानांकडे कांदा चिरला तर इथे आईच्या डोळ्यांत पाणी यावं इतकंच अंतर. पण लोटनकाकाच्या लग्नापासून नानांनी आमच्या घरात पाय ठेवलेला नाही.

ते लग्न नानांनीच जमवलं होतं, त्यामुळे मांडवातल्या पहिल्या टोपी-टॉवेलाचा मान त्यांचा. माइकवर नानांचं नाव पुकारलं, आबा टोपी-टॉवेल घेऊन पुढे झाले, आणि तिथून दोन वेगवेगळे इतिहास सुरू होतात. आबांच्या इतिहासात त्यांनी स्वतःच्या हाताने नानांच्या डोक्यात टोपी घातली. नानांच्या इतिहासात टोपी त्यांच्या डोक्यापर्यंत पोचलीच नाही. ती टोपी एका धुण्यात आकसणारी होती हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. वाद कापडाचा नाही.

या गोष्टीला इतकी वर्षं झाली की लोटनकाकाच्या पोराला मिसरूड फुटलं. आणि मग यंदा दिवाळीनंतर एका स्टुडिओवाल्याने जाहिरातीसाठी आपले जुने लग्नाचे व्हिडिओ ऑनलाइन टाकले. त्यात लोटनकाकाही घोड्यावर बसलेला निघाला.

"देवाने पुरावा धाडला," आबा म्हणाले आणि मला टीव्हीला नेट जोडायला बसवलं. मी गावोगाव इंटरनेटची वायर टाकण्याचं काम करतो. त्यामुळे नेट बिघडलं की संशय माझ्यावर आणि चांगलं चाललं की श्रेय पावसाला.

व्हिडिओ सुरू झाला. घोडा दिसला, बँड दिसला, मग वहीचं पान उलटावं तसं चित्र उलटलं आणि मांडव आला. त्या काळच्या रीतीप्रमाणे स्टुडिओवाल्याने मांडवावर कंप्युटरने गुलाबाच्या पाकळ्या पाडल्या होत्या. पाऊस पडावा तशा पडत होत्या. माइकवर "सुकदेव नाना" असं ऐकू आलं. आबा टोपी घेऊन आले. समोर एक माणूस वाकला. आबांनी टोपी घातली. माणसाने मान वर केली, आणि तोंडाच्या जागी नुसते चौकोन. बिस्किटाच्या रंगाचे, मोठाले, सरकणारे.

"हे बघा नाना!" आबा उभे राहिले.

"कुठले नाना?" आई म्हणाली. "हे तर शंकरपाळ्यांचं ताट आहे."

आबांनी तरीही ती लिंक नानांना पाठवली आणि खाली लिहिलं, 'आता तरी पटलं का?' थोड्याच वेळात माझा फोन वाजला. नाना एरवी आमच्याशी शहरी मराठी बोलतात. रागावले की अहिराणीत उतरतात.

"भूप्या, इंटरनेटवर मनं तोंड कोनी पुसं?"

"कोणी नाही नाना. व्हिडिओ ऑनलाइन येतो ना, तो दाबून लहान करून पाठवलेला असतो."

"कोनी दाबा?"

"कोणी असं नाही. सगळ्यांचाच दाबतात."

"बठ्ठासना दाबतस, मंग घोडाना कसा नही दाबा? घोडानं तोंड साफ दिसी राहिनं."

मी समजावलं. घोडा उभा होता. जे हलत नाही ते नेटवर स्पष्ट येतं. जे हलतं, आणि वरून पाकळ्या पडतात, तिथे नेटची तारांबळ होते, मग ते चौकोन टाकून वेळ मारून नेतं.

नाना सावकाश म्हणाले, "वायर तू जोडस. लिंक तुना बाप धाडस. आनि तोंड मनंच जास. मी अडानी शे भूप्या, पन इतला नही."

आबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "त्याला डिस्क पाहायला सांग. त्याच्याकडे आहे."

हे खरं होतं. स्टुडिओवाल्याने तेव्हा दोन डिस्क दिल्या होत्या. एक आमच्याकडे आणि एक काकूच्या माहेरी पोचवायला नानांच्या हातात. नानांनी ती पोचवलीच नाही. पुरावा म्हणून कपाटात ठेवली. काकूच्या आईवडिलांनी आपल्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ अजून पाहिलेला नाही. त्यांना वाटतं लग्नात लाइट गेली होती, शूटिंगच झालं नाही.

नानांनीही तो पाहिलेला नाही. त्यांच्याकडे डिस्क लावायचं यंत्र नव्हतं, आणि दुसऱ्याच्या घरी लावायला नेली तर तो माणूस आतल्या आत बदलून देईल ही खात्री होती.

आमच्या डिस्कचं म्हणाल तर यंत्र आमच्याकडेही नव्हतं, त्यामुळे ती आबांनी फार पूर्वी न पाहताच बाजरीत टांगली. मधोमध भोक असतंच, दोरी ओवली की झालं. उन्हात फिरते, चमकते, चिमण्या कणसांवर बसत नाहीत. मी ती काढून आणून पाहिली. एका बाजूने पांढरी पडली होती आणि कुठल्याही यंत्राला ती डिस्क आहे हे पटेना.

"तुना बापनी पुरावा चिमन्यास्ले खावाडी टाका!" नाना फोनवर ओरडले.

शेवटी आईनेच तोड काढली. डिस्क लावायची, पण ना धरणगावात ना आमच्याकडे. जळगावला निर्मलकुमार शेठच्या दुकानात. दोन्ही घरांचे टीव्ही त्यांच्याच दुकानातले. दोन्ही घरं त्यांच्यावर सारखाच संशय घेतात, म्हणजे माणूस तटस्थ.

आम्ही गाडीने गेलो. नाना एसटीने आले. काखेत स्टीलचा डबा. डब्यात टॉवेल, टॉवेलात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत डिस्क. आई त्यांच्याकडे पाहत राहिली.

"भाऊ, वाळलास रे."

"ते जाऊ दे," नाना म्हणाले. "तू आज कोणाकडून आलीस ते सांग."

"मेघाकडून," आई म्हणाली. नानांनी डबा उगाच दुसऱ्या काखेत घेतला.

निर्मलकुमार शेठनी शेजारी शेजारी दोन सारखे टीव्ही लावले होते. डावीकडे ऑनलाइन, उजवीकडे डिस्क. कोपऱ्यातल्या खोक्यातून त्यांनी धूळ झटकून एक प्लेअर काढला. "विकायचा नाही," ते म्हणाले. "घरी मी अजून डिस्कच बघतो. हे बघा भाऊ, डिस्क म्हणजे दही. नेट म्हणजे त्याचंच ताक. चव तीच. पण पाणी कोणी किती घातलं ते विचारायची सोय नाही."

नानांना हा माणूस एकदम आवडला. तरी त्यांनी दोन्ही टीव्हींच्या मागे जाऊन पाहिलं. मग आबांना हात वर करून उभं राहायला सांगितलं आणि स्वतः डिस्क आत ढकलली. पडद्यावर आलं, 'नो डिस्क'. नानांनी एकेकाकडे पाहिलं. आबांकडे, माझ्याकडे, शेठकडे, भिंतीवरच्या पंख्याकडे.

"उलटी घातली भाऊ," शेठ म्हणाले आणि त्यांनी ती सुलटी केली.

आणि खरं सांगतो, मी रोज घरोघरी नेट देणारा माणूस, पण त्या क्षणी मला स्वतःच्या धंद्याचा संशय आला. डावीकडे लोटनकाकाचा फेटा म्हणजे नुसता केशरी गोळा होता. उजवीकडे त्याचा पीळ न पीळ दिसत होता. बँडवाल्याच्या बाहीची उसवलेली शिवण दिसत होती. कंप्युटरच्या पाकळ्यासुद्धा एकेक वेगळी पडत होती.

माइकवर नाव आलं. दोन्हीकडे आबा पुढे आले. दोन्हीकडे एक माणूस वाकला. डावीकडे शंकरपाळे वर उठले. उजवीकडे एक चेहरा वर आला. जाड मिशी, चौकड्याचा शर्ट, उजव्या गालावर शेंगदाण्याएवढा तीळ.

"हाऊ मी नही," नाना म्हणाले. आवाजात इतकं समाधान होतं की जणू त्यांनी आत्ताच ती टोपी घातली. "देखं का? हाऊ मी नही!"

आबा पडद्याच्या अगदी जवळ गेले. "मग मी घातली कोणाला?"

"थांबवा," आई म्हणाली. "मागे बघा. त्याच्या खांद्याच्या मागे."

शेठनी चित्र थांबवलं. मागे पंगत बसली होती. पंगतीत नाना. तरणे, गोल गालांचे. शेठनी चित्र हळूहळू पुढे नेलं. माइकवर "सुकदेव नाना" म्हटल्याबरोबर पडद्यावरच्या नानांनी मान वर केली, तोंडात बट्टी असल्यामुळे हातानेच "थांबा" अशी खूण केली, आणि मग वाढप्याला बोलावून तूप मागितलं. डाव्या टीव्हीवर त्या जागी एक पिवळा चौकोन होता. तो तसाच राहिला.



"मान पुकारला तेव्हा तू जेवत होतास?" आबा म्हणाले.

"वरण गरम होतं," नाना म्हणाले.

आता भांडण पेटणार असं मला वाटलं. दोघांनी तोंडंही उघडली होती. पण दोघांचीही नजर पुन्हा त्या तीळवाल्याकडे गेली.

"हा तुमच्याकडचा?" नानांनी विचारलं.

"आमच्याकडचा नाही. मला वाटलं तुमच्याकडचा."

"आमच्याकडचाही नाही."

इतक्या वर्षांत टोपीच्या कापडाखेरीज दोन्ही पक्षांचं पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं. शेठनी डिस्क पहिल्यापासून लावली. तीळवाला हळदीत होता. वरातीत होता, नाचत होता, आणि बरा नाचत होता. जेवताना नवरदेवाच्या मांडीला मांडी लावून होता. पाठवणीच्या वेळी काकूच्या आईशेजारी उभा राहून तिच्याहून जास्त रडत होता. डावीकडे ऑनलाइनमध्ये मात्र या सगळ्या ठिकाणी कुठे गहू सांडलेले होते, कुठे शेव.

"एक मिनिट," निर्मलकुमार शेठ म्हणाले. चष्मा लावून ते पडद्याजवळ आले, मग मागच्या खोलीत गेले आणि आपल्या मुलाच्या, संयमच्या, लग्नाची डिस्क घेऊन आले. लावली. गुलाबी साफे बांधलेल्या व्याह्यांच्या रांगेत, मधोमध, गुलाबी साफा बांधून तोच उभा होता. तिळासकट.

"आम्ही समजलो मुलीकडच्यांचे मुनीमजी," शेठ बसत म्हणाले. "जाताना मी त्यांना घरून लाडूचा डबा दिला."

नाना आबांकडे वळले.

"दाजी," ते म्हणाले. हा शब्द आमच्या घरात इतक्या वर्षांत कोणी ऐकला नव्हता. "हा मेघाच्या लग्नात येणार."

"येणारच," आबा म्हणाले.

"गेटवर मी उभा राहतो."

आई एका फ्रिजचं दार उघडून आत तोंड घालून उभी राहिली. शेठना वाटलं तिला फ्रिज आवडला.

नानांची अट एकच होती. मेघाच्या लग्नाची डिस्क निघाली पाहिजे, नुसती लिंक चालणार नाही. व्हिडिओवाला म्हणाला, आता डिस्क कोण मागतं काका, मी मोबाईलवर पाठवतो. नानांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने कोरी डिस्क मिळाली तर एक काढून देईन असं कबूल केलं. कोरी डिस्क निर्मलकुमार शेठनी दिली.

लग्नाच्या आदल्या दिवशीच नाना आले. खिशात तीळवाल्याचा छापून आणलेला फोटो. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ते गेटवर उभे, आणि येईल त्याला विचारत होते, "तुम्ही कोणाकडून?" गालावर तीळ असलेल्या नवरदेवाच्या सख्ख्या काकाला त्यांनी खुर्चीत बसवून ठेवलं होतं. तो धुळ्याहून आला होता आणि त्याचा तीळ डाव्या गालावर होता, म्हणून सोडला.

तीळवाला आला नाही. मुहूर्त जवळ आला. मेघाला आणायची वेळ झाली आणि नानांना गेट सोडावं लागलं.

माझं ते घोड्याचं बोलणं नाना विसरले नव्हते. जे हलत नाही ते नेटवर स्पष्ट येतं. त्यांनी आधीच भाऊबंदांत फिरून सांगून ठेवलं होतं, "अक्षता हळू टाका, वरून टाकू नका, नेटला सोसत नाही." आणि मग ते मेघाचा हात धरून निघाले. निघाले म्हणजे काय, उभे होते त्यातच थोडे पुढे होत होते. बँडवाल्याचं गाणं संपलं, त्याने दुसरं सुरू केलं. भटजींनी घड्याळ पाहिलं.

"नाना, चला ना," मेघा मुंडावळ्यांमागून म्हणाली.

"हलू नको बेटा. घोड्यासारखी राहा."

दोघं मांडवाच्या मध्यावर आले असतील नसतील, तेवढ्यात मी पाहिलं की नानांचे डोळे डावीकडे गेले. फक्त डोळे. डावीकडे स्टेजच्या खांबाला टेकून तो उभा होता. केस पांढरे झाले होते. तीळ तिथेच होता.

नानांवर कॅमेऱ्याचा दिवा होता. मान वळवली असती तर तोंड चौकोनी झालं असतं. धरायला धावले असते तर मेघाचंही झालं असतं. ओठ न हलवता ते म्हणाले, "दाजी. डावीकडे. तीळ."

आबा धावले. त्यांच्या हातात त्या वेळी पहिल्या मानाची टोपी आणि टॉवेल होता. नानांसाठी, इस्त्री केलेली. मी त्यांच्या मागेच होतो म्हणून मला सगळं दिसलं. तीळवाल्याने पाहिलं की एक यजमान टोपी घेऊन आपल्याकडे येतोय. आयुष्यभराच्या लग्नांनी शिकवलं होतं तेच त्याने केलं. हात जोडले आणि डोकं वाकवलं.

आता तुम्हीच सांगा. हातात टोपी आहे आणि समोर वाकलेलं डोकं आहे. खान्देशातला कुठला माणूस त्या दोघांना वेगळं ठेवील? आबांचा हात आपोआप पुढे गेला. त्यांनी टोपी घातली. टॉवेल खांद्यावर ठेवला. नमस्कारही केला.

"सुखी राहा," तीळवाला म्हणाला आणि पंगतीच्या दिशेने निघून गेला.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बँडवाल्याकडे पाहिलं. मग आबांनी टोप्यांच्या ढिगातून दुसरी टोपी काढली, आणि मंगलाष्टकं झाल्यावर माइकवर पूर्ण नाव पुकारून, तोंड दोनदा निरखून, ती नानांच्या डोक्यात घातली. नाना कॅमेऱ्याकडे पाहत उभे होते. पापणीही लवली नाही.

"सापडला?" नंतर त्यांनी विचारलं.

"पळाला," आबा म्हणाले.

"मला पाहून पळाला असेल," नाना म्हणाले. आई त्यांना बट्टी वाढत होती. त्यांनी तूप मागायच्या आत तिने वाढलं.

व्हिडिओ होळीनंतर आला. आधी लिंक आली. सगळ्यांनी मिळून पाहिली. नाना आणि मेघा इतके स्पष्ट की मुंडावळीचा मोती न मोती मोजावा. त्यांच्या मागे डावीकडे गव्हाच्या रंगाचे दोन चौकोन एकमेकांजवळ आले आणि लांब गेले.

"ते काय?" नानांनी विचारलं.

"नेट," मी म्हणालो.

डिस्क नंतर आली. ती मी एकट्याने निर्मलकुमार शेठकडे लावली. शेठनी पाहिलं, मी पाहिलं. वाकलेलं डोकं स्पष्ट होतं. आबांचा हात स्पष्ट होता. टोपी घालताना आबा हसत होते, तेसुद्धा स्पष्ट होतं. शेठनी डिस्क काढून माझ्या हातात दिली.

घरी आबा ओट्यावर वाट पाहत होते.

"कसं आलंय?"

"स्वच्छ."

"किती स्वच्छ?"

"दही," मी म्हणालो.

आबा उठले आणि दोरी शोधायला गेले. उन्हाळी बाजरी दाण्यावर आली होती.

नाना आता दर आठवड्याला येतात. आल्यावर आईच्या शेजारी बसून लिंक पाहतात, आपली टोपी आली की थांबवतात, मग मला विचारतात, "डिस्क आली का रे?"

"अजून नाही नाना. स्टुडिओवाला टाळतोय."

"लक्ष ठेव त्याच्यावर. माणूस बरा वाटत नाही."

परवा ते बांधावरून घराकडे येताना मध्येच थांबले. बाजरीत डिस्क फिरत होती, ऊन मारत होती.

"ती कसली?"

"चिमण्यांसाठी."

"जुनीच ना?"

"हो."

नानांनी माझ्याकडे पाहिलं, डिस्ककडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. मग बाजरीच्या ताटांमधून वाट काढत तिच्याजवळ गेले आणि एका बोटाने तिला फिरायची थांबवली.

"हिच्यात तोंड साफ दिसतं रे," नाना म्हणाले. त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली, एकदा डावीकडून पाहिलं, एकदा उजवीकडून. तेवढ्यात आईने घरातून हाक मारली आणि ते डिस्क सोडून लगबगीने निघाले. वरण गरम होतं.